डॉ. बेंजामिन रश यांच्या घराची गोष्ट (फिलाडेल्फिया, १७४६ ते १८१३)

नदीकाठ:

फिलाडेल्फियात फिफ्थ आणि आर्च या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर क्राइस्ट चर्चचं जुनं दफनस्थान आहे. बहुतेक लोक तिथे बेंजामिन फ्रँकलिनच्या थडग्यावर पेनी टाकायला येतात. कुंपणाच्या गजांमधूनही ती टाकता येते, म्हणून बरेचसे आत न जाताच परततात. गेल्या आठवड्यात मी सासूबाईंना घेऊन आत गेले. हिंडता हिंडता डॉ. बेंजामिन रश यांच्या कबरीपाशी आलो. "हे कोण गं?" त्यांनी विचारलं. मी सांगायला लागले आणि पाऊण तास आम्ही तिथेच उभ्या राहिलो. त्यांना जे तोंडी सांगितलं ते इथे लिहून काढते आहे.

रश यांचा जन्म १७४६च्या जानेवारीतला, फिलाडेल्फियाजवळच्या बायबेरीचा. वडील शेती करायचे आणि बंदुका घडवायचे. बेंजामिन सहाव्या वर्षात असतानाच ते वारले. आई सुझाना हिने शहरात किराणा मालाचं दुकान टाकलं आणि त्या दुकानाच्या जिवावर मुलं वाढवली. आठव्या वर्षी बेंजामिनला मेरीलंडमध्ये मावशीकडे धाडलं, तिचे यजमान सॅम्युएल फिनली तिथे शाळा चालवत. चौदाव्या वर्षी पोरगा आज ज्याला प्रिन्स्टन विद्यापीठ म्हणतात तिथला पदवीधर झाला. पुढे डॉ. जॉन रेडमन यांच्याकडे पाच वर्षं उमेदवारी केली आणि १७६६ला एडिंबरा गाठलं.

एडिंबऱ्याचा प्रबंध पोटात अन्न कसं पचतं यावर होता. त्यासाठी ते स्वतः ठरावीक पदार्थ खात, थोड्या वेळाने उलटीचं औषध घेत आणि बाहेर आलेलं तपासत. जे मानलं ते आधी स्वतःच्या अंगावर करून पाहायचं, हा त्यांचा स्वभाव शेवटपर्यंत टिकला. त्यातला चांगुलपणा आणि त्यातला धोका दोन्ही पुढे येईलच.

स्कॉटलंडमध्ये त्यांच्या हातून आणखी एक काम झालं. प्रिन्स्टनला जॉन विदरस्पून हे पाद्री प्रमुख म्हणून हवे होते, पण त्यांची बायको समुद्र ओलांडायला तयार नव्हती. विशीतल्या रशनी जाऊन तिची समजूत काढली आणि ते कुटुंब अमेरिकेला आलं. १७६९ला रश परतले आणि फिलाडेल्फियाच्या कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. इंग्रजांच्या अमेरिकी वसाहतींमध्ये या विषयाचं ते पहिलं पद.

११ जानेवारी १७७६ला त्यांचं लग्न झालं. मुलगी ज्युलिया स्टॉकटन, वय १६. नवरदेव ३० वर्षांचे. ज्युलियाची आई ॲनिस बुडिनो स्टॉकटन कविता लिहायची, वडील रिचर्ड स्टॉकटन नामांकित वकील. लग्न लावलं विदरस्पून यांनीच. सहा-सात महिन्यांनी अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या झाल्या, त्यांत जावई, सासरे आणि लग्न लावणारे पाद्री अशा तिघांच्याही आहेत. हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे ती सही त्या पोरीच्या घरावरच झाली की." मला ते फार पटलं. त्या वर्षाअखेर इंग्रजांनी तिच्या वडिलांना पकडून तुरुंगात टाकलं, माहेरचं मॉर्व्हेन हे घर सैन्याने लुटलं, आणि ज्युलिया पहिलटकरीण म्हणून मेरीलंडमध्ये नातेवाइकांकडे राहिली. १७७७च्या जुलैत थोरला जॉन जन्मला.

एकूण १३ बाळंतपणं. चार मुलं तान्हेपणीच गेली, नऊ वाढली.

आता जे सांगायला हा धागा काढला ते. १७८३पासून मरेपर्यंत, ३० वर्षं, रश पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलमध्ये काम करत होते. मनोरुग्णांना तेव्हा तळघरातल्या थंड, ओल्या कोठड्यांमध्ये ठेवत. रशनी व्यवस्थापनाच्या मागे लागून त्यांच्यासाठी ऊब, अंघोळीची सोय, हाताला काम आणि मायेने वागणारे सेवक मागितले. १७९६ला वेगळी इमारत झाली. वेड हा मेंदूचा आजार आहे, पाप नव्हे आणि भूतबाधाही नव्हे, असं ते सांगत राहिले. आणि १८१०ला त्याच दवाखान्यात त्यांनी स्वतःच्या थोरल्या मुलाला, जॉनला, दाखल केलं. दोन वर्षांनी मनाच्या आजारांवरचं त्यांचं पुस्तक निघालं, अमेरिकेतलं या विषयावरचं पहिलं. ते लिहिलं जात होतं तेव्हा मुलगा त्याच वॉर्डात होता.

आडवाट:

सुंदर लिहिलं आहे. लढाईचा भाग तुम्ही गाळलात, तो थोडा जोडतो. १७७७ला रश सैन्याच्या मधल्या विभागाचे सर्जन जनरल झाले. छावण्यांमध्ये गोळीपेक्षा रोगांनी माणसं जास्त मरत होती. सैनिकांनी अंघोळ करावी, केस आखूड ठेवावेत, भाज्या खाव्यात, गर्दीत झोपू नये अशा साध्या सूचना त्यांनी छापल्या. पण दवाखान्यांच्या कारभारावरून वरिष्ठ डॉ. शिपन यांच्याशी त्यांचं बिनसलं. मग सरसेनापती वॉशिंग्टनवर टीका करणारं एक निनावी पत्र त्यांनी व्हर्जिनियाचे गव्हर्नर पॅट्रिक हेन्रींना लिहिलं. हेन्रींनी ते वॉशिंग्टनकडेच पाठवलं आणि वॉशिंग्टननी अक्षर ओळखलं. रशनी पद त्याआधीच, १७७८च्या जानेवारीत, सोडलं होतं.

अमेरिकेच्या स्वातंत्र्याची बाजू मांडणाऱ्या, टॉमस पेनच्या 'कॉमन सेन्स' या पुस्तिकेचं नावही रशनीच सुचवलेलं.

डॉ_तुळशीवृंदावन:

नदीकाठताई, लेखन आवडलं, पण डॉक्टर म्हणून गप्प बसवत नाही. १७९३चा पिवळा ताप या गोष्टीत असायलाच हवा. फिलाडेल्फिया तेव्हा देशाची राजधानी. वस्ती ५०,०००च्या आसपास, आणि ऑगस्ट ते नोव्हेंबर एवढ्या काळात सुमारे ५,००० मृत्यू. रशचा उपचार काय, तर पारा असलेलं कॅलोमेल आणि जालप नावाच्या मुळीचा जबरदस्त जुलाब, आणि त्यावर रक्त काढणं. थोडंथोडकं नाही, पुन्हा पुन्हा. माणसाच्या शरीरात असतं त्याच्या जवळपास दुप्पट रक्त आहे असं तो धरून चालला होता. सगळे ताप मुळात एकच, रक्तवाहिन्यांतला ताण हेच कारण, म्हणून उपायही एकच, अशी त्याची उपपत्ती. तापाने आधीच खंगलेल्या माणसाचं रक्त काढलं तर काय होतं ते सांगायला नको.

तेव्हा दुसरा मार्ग नव्हता असंही नाही. बुश हिलच्या तात्पुरत्या रुग्णालयात डेव्हेझ हे फ्रेंच डॉक्टर विश्रांती, पातळ आहार आणि शुश्रूषेवर भर देत होते. तेव्हाचा अर्थमंत्री हॅमिल्टन याला ताप आला तेव्हा डॉ. स्टीव्हन्सनी त्याला सौम्य उपचारांनी बरं केलं. रशने यातून काहीच घेतलं नाही, ही माझी खरी तक्रार आहे. चूक सगळ्यांकडून होते. समोर उलटा पुरावा असताना डोळे मिटणं ही वेगळी गोष्ट.

नदीकाठ:

डॉक्टर, तुमचं म्हणणं मान्य आहे. मी तो भाग टाळला नव्हता, त्यासाठी वेगळं बसून लिहायचं होतं.

त्या शरद ऋतूत ज्युलिया मुलांना घेऊन न्यू जर्सीत माहेरच्या माणसांकडे होती. रश शहरात राहिले, सोबत म्हातारी आई आणि बहीण रिबेका. ते बायकोला जवळजवळ रोज पत्र लिहीत. ती पत्रं मी हळूहळू वाचली आहेत. आज कोण गेलं, घराच्या दारात किती माणसं उभी होती, कुणाकडे जायचं राहिलं, हे सगळं त्यात आहे. हाताखाली शिकणारे तीन विद्यार्थी त्या तापात गेले. १ ऑक्टोबरला रिबेका गेली. रशना स्वतःला ताप आला तेव्हा त्यांनी विद्यार्थ्यांकडून स्वतःचंही रक्त काढून घेतलं, पारा घेतला, आणि वाचले. माझ्या मते सगळं तिथेच बिघडलं. आपण वाचलो म्हणजे औषध खरं, हे त्यांच्या मनात इतकं पक्कं बसलं की पुढे हलवता आलं नाही. बहीण त्याच घरात गेली, हा पुरावा त्यांनी मोजलाच नाही.

त्यांना फक्त खलनायक म्हणायला मात्र माझं मन घेत नाही. शहरातून वॉशिंग्टन गेले, सरकार गेलं, अनेक डॉक्टरही गेले. हे गरिबांच्या घरी पायऱ्या चढत राहिले. ते रोग्यांजवळ थांबले हे खरं, आणि त्यांच्या उपचाराने रोग्यांना इजा झाली हेही खरं.

कोरा_कागद:

१७९३ची आणखी एक बाजू. रशची समजूत अशी होती की कृष्णवर्णीयांना हा ताप होत नाही. त्यांनी फ्री आफ्रिकन सोसायटी या कृष्णवर्णीयांच्या संस्थेच्या रिचर्ड ॲलन आणि ॲब्सलम जोन्स यांना मदतीसाठी विनवलं. ते आणि त्यांची माणसं घरोघर गेली, रोगी उचलले, मुडदे पुरले, रशनी शिकवल्याप्रमाणे रक्तही काढलं. ताप त्यांनाही झाला आणि त्यांच्यातलेही शेकडो मेले. साथ ओसरल्यावर मॅथ्यू केरी या प्रकाशकाने लिहिलं की या लोकांनी संकटात पैसे उकळले. त्यावर १७९४ला जोन्स आणि ॲलन यांनी हिशेबासकट उत्तर छापलं. ते वाचावं असं आहे. कुठे किती मिळाले, शवपेट्यांवर किती खर्चले, पदरचे किती गेले, सगळं आकड्यांत.

गुलामीबद्दलही सांगायला हवं. रशनी १७७३लाच गुलामीविरुद्ध पुस्तिका लिहिली, आणि तरीही त्यानंतर विल्यम ग्रबर नावाचा गुलाम विकत घेतला. १७८८ला त्याच्या मुक्तीचा कागद केला, पण तो लागू व्हायचा होता १७९४ला, म्हणजे दिलेली किंमत वसूल झाल्यावर. १८०३ला हेच रश पेनसिल्व्हेनियाच्या गुलामीविरोधी संस्थेचे अध्यक्ष झाले. काळी कातडी हा एका जातीच्या कुष्ठरोगाचा परिणाम आहे असा त्यांचा निबंधही आहे. लोकांनी काळ्यांचा तिरस्कार सोडावा म्हणून तो लिहिला, पण आज वाचताना अंगावर काटा येतो.

आडवाट:

डॉक्टर, त्या पाऱ्याच्या जुलाबाची एक पुढची हकिकत. १८०३ला राष्ट्राध्यक्ष जेफरसननी मेरिवेदर लुइसला पश्चिमेच्या मोहिमेआधी रशकडे सल्ल्याला पाठवलं. मोहिमेच्या सामानात रशच्या जुलाबाच्या गोळ्या ५० डझन होत्या. पुढे २००२ला माँटानातल्या ट्रॅव्हलर्स रेस्ट या जागी उत्खननात एका खड्ड्याच्या मातीत पारा सापडला. तिथे त्या तुकडीचा शौचाचा खड्डा होता हे ओळखायला तो कामी आला.

शेवंती:

मी इथे सहसा फक्त वाचते. आज लिहिते आहे.

माझा धाकटा भाऊ गेली ११ वर्षं स्किझोफ्रेनियाच्या औषधांवर आहे. घरी आईबाबा थकलेत. नदीकाठताई, ते जॉनबद्दल नीट सांगाल का? काय झालं होतं त्याला? बरा झाला का?

नदीकाठ:

शेवंती, लिहिलंस हे फार बरं केलंस.

जॉन हुशार होता. वडिलांसारखं वैद्यक शिकला, पण त्याचा ओढा नौदलाकडे. १८०७ला न्यू ऑर्लिन्समध्ये त्याचं नौदलातल्याच एका मित्राशी द्वंद्वयुद्ध झालं आणि तो मित्र मेला. त्यानंतर जॉन सावरला नाही. १८१०ला त्याला घरी आणलं तेव्हा तो अंगावरच्या कपड्यांची, नखा-केसांची पर्वा करत नव्हता, घरच्यांशी बोलत नव्हता. काही दिवस घरात ठेवून मग दवाखान्यात नेलं. वडील डॉक्टर म्हणून त्या वॉर्डात रोज फिरत. जॉन बरा झाला नाही. वडील १८१३ला गेले, जॉन तिथेच राहिला, १८३७ला मरेपर्यंत. सत्तावीस वर्षं. तो एकाच जागी फेऱ्या घालायचा आणि त्या येरझारांनी जमीन झिजली होती, असं सांगतात.

मला ही गोष्ट का धरून ठेवते ते सांगते. माझ्या थोरल्या मामांच्या डोक्यावर परिणाम झाला होता. आजोळी त्यांना माडीवरच्या खोलीत ठेवायचे आणि पाहुणे आले की दाराला बाहेरून कडी. आम्हां मुलांना सांगितलेलं, मामा गावाला गेलेत. जेवणाचं ताट वर जायचं म्हणून आम्हांला कळायचं. ते गेले तेव्हाही घरात कुणी आजाराचं नाव काढलं नाही. रशनी मित्रांना, जॉन ॲडम्स आणि जेफरसन या माजी राष्ट्राध्यक्षांना, मुलाबद्दल सरळ कळवलं. शहरातला एवढा नावाजलेला माणूस, पण लपवलं नाही. त्यांचे उपचार चुकले असतील. 'माझा मुलगा आजारी आहे' हे दोनशे वर्षांपूर्वी एका बापाने लिहिलं, ते माझ्या आजोळी कुणाला जमलं नाही.

डॉ_तुळशीवृंदावन:

ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी फक्त पिवळ्या तापापाशी अडलो होतो.

शेवंती, एक सांगतो. रशच्या काळात भावासारख्या रुग्णासाठी एकही खरं औषध नव्हतं. रश मनोरुग्णांचंही रक्त काढायचा, थंड पाण्याच्या धारा द्यायचा. त्याने एक खुर्ची बनवली होती, हातपाय छातीसकट पट्ट्यांनी बांधायचे आणि डोकं लाकडी खोक्यात. साखळ्यांपेक्षा ती बरी असं त्याला मनापासून वाटे. या आजारावरची पहिली परिणामकारक औषधं आली ती १९५०नंतर. तुमचा भाऊ घरी आहे, औषधं सुरू आहेत, ही फार मोठी गोष्ट आहे. औषधं मनाने बंद करू नका. आणि आईबाबांच्या विश्रांतीचीही सोय बघा, काळजी घेणाऱ्याचं शरीर आधी बोलतं.

रशच्या बाजूनेही एक नोंद करतो. १७८०ला फिलाडेल्फियात आलेल्या तापाचं त्याने जे वर्णन लिहिलं ते डेंगूच्या सुरुवातीच्या चांगल्या वर्णनांपैकी एक मानतात. लोक त्याला हाडं मोडणारा ताप म्हणत, हेही त्याने टिपलं. गेल्या पावसाळ्यात माझ्या ओपीडीत रोज कुणी ना कुणी तेच म्हणत होतं, "डॉक्टर, हाडं मोडून आल्यासारखं वाटतंय." डासांचा सुळसुळाट त्याच्या डोळ्यांना दिसला होता, पण संबंध लागला नाही. पिवळ्या तापाचा दोष त्याने धक्क्यावर सडलेल्या कॉफीला दिला. डासांचं सिद्ध व्हायला १९०० साल उजाडलं.

पिंपळपार:

उत्तम चर्चा. १४ डिसेंबर १७९९ ही तारीख इथे यायलाच हवी. विल्यम कॉबेट हा पत्रकार रशच्या रक्त काढण्यावर तुटून पडला होता, म्हणून रशनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. त्या दिवशी निकाल रशच्या बाजूने लागला, ५,००० डॉलर. आणि त्याच दिवशी माउंट व्हर्ननला वॉशिंग्टन घशाच्या आजाराने गेले, दिवसभरात पुन्हा पुन्हा रक्त काढल्यानंतर. हजर असलेल्या तीन डॉक्टरांपैकी सगळ्यांत तरुण एलिशा डिक आणखी रक्त काढू नका म्हणत होते.

माझ्या मते रशचं सगळ्यांत टिकलेलं काम वैद्यकातलं नाही. ॲडम्स आणि जेफरसन यांच्यात राजकारणामुळे अबोला होता, वर्षानुवर्षं. रश दोघांचे मित्र. १८०९च्या ऑक्टोबरात त्यांनी ॲडम्सना कळवलं, मला स्वप्न पडलं की तुम्ही दोघे पुन्हा पत्रं लिहू लागला आहात. आणि चिकाटीने दोन्हीकडे लिहीत राहिले. १ जानेवारी १८१२ला ॲडम्सनी जेफरसनना पत्र धाडलं. पुढचा पत्रव्यवहार दोघेही ४ जुलै १८२६ला जाईपर्यंत चालला. घरात जॉनची ती अवस्था असताना हा माणूस दुसऱ्यांचा अबोला सोडवत बसला होता.

सातासमुद्रा:

आपल्या आनंदीबाई जोशी याच शहरात शिकल्या, १८८६ला त्यांना पदवी मिळाली. ते स्त्रियांचं वैद्यकीय कॉलेज १८५०चं, रश गेल्यानंतरचं. रशनी १७८७ला मुलींच्या शिक्षणावर भाषण दिलं होतं, त्यात हिशेब, भूगोल, इतिहास, थोडं विज्ञान हवं म्हणाले, कारण पुढच्या नागरिकांच्या त्या आया. मुलगी स्वतः डॉक्टर होईल इथपर्यंत त्यांचा विचार पोचला नव्हता. शंभरेक वर्षांत कल्याणची मुलगी तिथे जाऊन डॉक्टर झाली.

आडवाट:

बाकीच्या मुलांचं काय झालं?

नदीकाठ:

रिचर्ड सगळ्यांत नावारूपाला आला. अमेरिकेचा ॲटर्नी जनरल, मग लंडनमध्ये अमेरिकेचा राजदूत, मग अर्थमंत्री. स्मिथसन या इंग्रज शास्त्रज्ञाच्या मृत्युपत्रातला पैसा कोर्टातून सोडवून १८३८ला सोन्याच्या नाण्यांत अमेरिकेला आणला तो यानेच, त्यातून स्मिथसोनियन संस्था झाली. जेम्स डॉक्टर झाला आणि माणसाच्या आवाजावर संशोधन करत बसला. त्याने आपली मोठी संपत्ती फिलाडेल्फियाच्या जुन्या ग्रंथालयाला दिली. मुलींपैकी एमिली कॅनडात दिली होती आणि मेरीचा नवरा ब्रिटिश सैन्यात अधिकारी होता. म्हणजे १८१२ला पुन्हा इंग्लंडशी युद्ध पेटलं तेव्हा जाहीरनाम्यावर सही करणाऱ्याच्या दोन लेकी पलीकडच्या बाजूला. ज्युलियाने तो काळ कसा काढला असेल?

तीच ज्युलिया १७८०ला वॉशिंग्टनच्या सैनिकांसाठी शहरात दारोदार वर्गणी मागत फिरली होती. घरी तेव्हा लहान लहान मुलं. युद्ध चालू असतानाच, १८१३च्या एप्रिलमध्ये, रश तापाने गेले. शेवटच्या आजारातही त्यांनी रक्त काढायला लावलं. ज्युलिया त्यानंतर ३५ वर्षं जगली. जॉनच्या मृत्यूनंतरही ११ वर्षं. १८४८ला ८९व्या वर्षी ती गेली.

शेवंती:

डॉक्टर, ताई, सगळ्यांचेच आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर भावाला हा धागा वाचून दाखवला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, जॉन किती वर्षांचा होता?

नदीकाठ:

दवाखान्यात गेला तेव्हा तिशी ओलांडलेली, शेवंती. गेला तेव्हा साठीचा. भावाला माझा नमस्कार सांग. त्याला आणखी काही विचारायचं असेल तर इथे लिही, मी पुन्हा शोधून सांगेन.